तुरीच्या भावाचे उत्तर राहिले आहे

आदरणीय ताई,

मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते. पती शेती करतात, मी अंगणवाडीत मदतनीस आहे. माझी बालमैत्रीण यवतमाळला नर्सिंग शिकली, पुढे जपानी भाषा शिकून जपानमधील इशिकावा प्रांतात, सुझू या समुद्रकाठच्या गावी, एका वृद्धाश्रमात कामाला लागली. १ जानेवारी २०२४ रोजी तिथे मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. ती कामावर होती, वृद्धाश्रम उंचावर होता, म्हणून वाचली. तिची राहती खोली मात्र गेली. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी "जिवंत आहे, सगळे ठीक" एवढा निरोप आला. तेव्हापासून मी रोज सकाळी न चुकता "कशी आहेस? काळजी घे" असे पाठवते. जपानात कुठेही भूकंपाची बातमी आली की ती तिला पाठवून विचारपूस करते. आधी "ठीक आहे" असे उत्तर यायचे. मध्ये एकदा, त्याच फेब्रुवारीत, तिने "तुरीले काय भाव भेटला वं?" असे विचारले होते, पण मी म्हटले, माझ्या तुरीचे काय घेऊन बसलीस, आधी तुझे सांग. पुढे उत्तरे कमी होत गेली. त्या सप्टेंबरात तिकडे पूर आला, त्यानंतर तर निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. स्टेटस मात्र ठेवते, कधी बर्फाचे, कधी सोबतच्या मुलींचे. आमच्याही घरी बरे नव्हते. भूकंप झाला त्याच हंगामात वेचणीला आलेला कापूस पावसात भिजला आणि बैलजोडी विकावी लागली. पण तिच्या दुःखापुढे ते काय सांगायचे, म्हणून कळवले नाही. मैत्री मी एकटीनेच निभावते आहे. आता थांबावे का?

– एक मैत्रीण, दारव्हा तालुका

प्रिय सखी,

तुझ्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तू "मध्ये एकदा" असे म्हणून उरकून टाकले आहेस. तिने तुला तुरीचा भाव विचारला होता आणि तू तो सांगितला नाहीस. बाकीच्या पत्रात तुझी काळजी आहे, चिकाटी आहे, मनाला लागलेले आहे, आणि ते सगळे खरे आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु या मैत्रीत ज्या दिवशी खंड पडला तो दिवस सप्टेंबरातल्या पुराचा नव्हता, तो फेब्रुवारीतला होता, आणि तो खंड तिच्याकडून पडलेला नाही.

तो फेब्रुवारी तिच्या बाजूने कसा असेल, याचा विचार कर. सुझू हे नोतो द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला वसलेले शहर आहे. भूकंपाने द्वीपकल्पावरचे रस्ते ठिकठिकाणी खचले होते आणि सुझूत नळाला पाणी नव्हते. पुष्कळ भागांत ते यायला आणखी कित्येक महिने लागले. तुझी मैत्रीण कडाक्याच्या थंडीत, बिनपाण्याच्या इमारतीत म्हाताऱ्या माणसांचे कपडे बदलत होती, त्यांना भरवत होती. अशा एखाद्या दिवसाच्या अखेरीस तिने फोन हातात घेतला आणि तिला आठवले की आता घरी तूर निघाली असेल, मळणी होऊन पोती बाजाराच्या वाटेला लागली असतील. ती शेतकऱ्याची पोर आहे. हंगाम तिच्या अंगात आहे. त्या एका प्रश्नापुरती ती शेताच्या धुऱ्यावर येऊन बसली होती, तुझ्या शेजारी. तू तिला तिथून उठवून पुन्हा भूकंपाच्या गावी पाठवलेस.

आणि त्या वर्षी तर तुझ्याजवळ सांगण्यासारखे होतेही. विदर्भाच्या बाजारांत त्या फेब्रुवारीत तूर दहा हजार रुपये क्विंटलच्या आसपास विकली जात होती. कापसाने रडवलेल्या घराला तुरीने थोडा हात दिला असेल तर तो त्याच वर्षी. "दहा हजारांनी गेली वं, पण झाली कमी," एवढे तू लिहिले असतेस तरी तिने पुढे विचारले असते की किती झाली, कमी का झाली, कापसाचे काय. त्या विचारण्यातून बैलजोडीची गोष्ट आपोआप निघाली असती, आणि आज तू मला हे पत्र लिहीत बसली नसतीस.

तू म्हणशील की ज्या माणसाचे घर गेले त्याला "कशी आहेस" असे विचारण्यात चूक ती कोणती? पहिल्या आठवड्यात काहीच चूक नव्हती. जपानमध्ये त्यासाठी वेगळी सोयच आहे. मोठी आपत्ती आली की १७१ हा क्रमांक फिरवून आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवता येतो आणि नातेवाइकांना तो ऐकता येतो. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात फोन लागेनासे झाले, त्या अनुभवातून पुढे ही सेवा उभी राहिली. मी सुखरूप आहे, अमुक ठिकाणी आहे, इतकेच त्या थोडक्या वेळात सांगायचे असते. तुझ्या मैत्रिणीने चौथ्या दिवशी तुला नेमका तोच निरोप दिला. तो पोहोचला, तुझा जीव भांड्यात पडला, तिथे त्या प्रश्नाचे काम संपले. तू मात्र तो पहिल्या दिवसाचा प्रश्न दोन वर्षे रोज सकाळी विचारत राहिली आहेस, आणि त्याला "ठीक आहे" याखेरीज दुसरे उत्तर देता येत नाही. खरे उत्तर द्यायचे तर तिला कामावर निघण्यापूर्वी सगळे पुन्हा उकरून काढावे लागेल, आणि खोटे उत्तर रोज देण्याचा माणसाला कंटाळा येतो.

तिचे काम काय आहे, हेही तू विसरते आहेस. नोतोच्या भूकंपात कोसळलेल्या घरांखाली आणि दरडींखाली दोनशेहून अधिक माणसे गेली. पण त्यानंतरच्या महिन्यांत थंडीने, आजार बळावल्याने, आसऱ्याच्या ठिकाणच्या हालांनी जी माणसे दगावली त्यांची नोंद थेट मृत्यूंच्याही पुढे गेली, आणि त्यांतली बहुतेक वृद्ध होती. म्हणजे जिला तू रोज काळजी घे म्हणून सांगतेस, तिच्या हातांतून ती माणसे गेली असण्याचा संभव आहे. ती दिवसभर दुसऱ्यांना "कसे आहात" म्हणून विचारते, ताप पाहते, वहीत लिहिते. संध्याकाळी खोलीवर येऊन फोन उघडला की तोच प्रश्न तुझ्याकडून तिची वाट पाहत असतो.

बातम्या पाठवणे तर आजच बंद कर. ८ ऑगस्ट २०२४ रोजी भूकंप झाला तो क्यूशू बेटाजवळ. तिथून सुझू सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. ३० जुलै २०२५ रोजी रशियातील कामचात्काजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा जपानमधील त्सुनामीचा इशारा मुख्यतः प्रशांत महासागराच्या किनाऱ्याला होता आणि नोतो जपानच्या दुसऱ्या बाजूला आहे. मुंबईत पाणी तुंबले की दारव्ह्याच्या माणसाला कुणी होडी आहे का म्हणून विचारू लागले, तर त्याला जसे वाटेल तसे तिला वाटत असणार. शिवाय तिथे धोका असलाच तर सरकारी इशारा तिच्या फोनवर तुझ्या बातमीच्या कितीतरी आधी वाजतो. त्या चित्रफितींनी तिचे रक्षण होत नाही; तुझी भीती काही वेळ हलकी होते, आणि ते ओझे तिच्या अंगावर पडते.

आता बैलांचे. इथे मला तुझा राग आला, तो मी लपवत नाही. लहानपणापासूनची मैत्रीण, जिला तुझ्या घरातली भांडीकुंडी ठाऊक असतील, तिला तू इतकी मोठी गोष्ट कळवली नाहीस, आणि कारण काय, तर तिचे दुःख मोठे. दुःखाची अशी मापे काढून तू तिला उंचावर नेऊन बसवलेस आणि स्वतः खाली हात जोडून उभी राहिलीस. कुणीही भल्या मनाचे माणूस तिथे फार काळ बसू शकत नाही. ज्या मैत्रीत दुसरीने आपले काहीच सांगायचे नाही, तिथे पहिलीला फक्त कीव मिळते. आणि कीव घेण्यासाठी कुणी दुसऱ्या देशातून रोज फोन उघडत नाही.

तिला ते समजणार नाही असे वाटत असेल, तर तो गैरसमज काढून टाक. त्या भूकंपात नोतोच्या उत्तर किनाऱ्यावर जमीन काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलली गेली, समुद्र मागे हटला, बंदरांतले पाणी गेले आणि होड्या उघड्या पडलेल्या तळावर टेकल्या. ज्या कोळ्यांची घरे वाचली त्यांचाही धंदा असा डोळ्यांदेखत बसला. तुझी मैत्रीण अशा लोकांमध्ये राहते. दावणीला बैल नसलेला गोठा म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावे लागणार नाही. उलट, जोडी कुणाला दिली, धन्याने नीट ठेवली का, हे विचारणारी तीच एक असेल.

आपत्तीनंतर माणसाचा शेजार तुटतो आणि तो तुटणे घर पडण्याइतकेच जिवावर बेतते, हे जपानने मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. कोबेत तात्पुरती घरे सोडतीने दिली गेली, वृद्धांना आणि आजाऱ्यांना अग्रक्रम मिळाला. हेतू चांगला होता, पण जुन्या वस्तीतली ओळखीची माणसे विखुरली आणि त्या घरांत दोनशेहून अधिक जण एकाकी मेले, काहींचे तर कुणाला कळलेही नाही. म्हणून २००४ मध्ये निइगाता प्रांतात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी या डोंगरी गावातल्या लोकांना वाडीवस्तीप्रमाणे एकत्र ठेवले गेले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसली, घराचा आकार ज्याच्या त्याच्या जमिनीवर ठरला, सरळ रस्त्यांची पक्की घरे उभी राहिली. जुन्या गल्लीत एकमेकींना लागून असलेली दारे मात्र पुष्कळ ठिकाणी लांब गेली. तुझी मैत्रीण तर आधीच परदेशात, परक्या भाषेत, आणि जी खोली तिची झाली होती तीही गेलेली. अशा मुलीला तुरीचा भाव सांगणारे माणूस लागते. तसे माणूस तिच्याजवळ तू होतीस.

राहिले स्टेटस. बर्फ पाहून हसणाऱ्या मुलींचे छायाचित्र तिने लावले, म्हणून तुला वाईट वाटले. मला त्यात आनंद वाटला. ती त्या मुलींबरोबर बाहेर जाते, फोटो काढते, म्हणजे तिचे जगणे चालू आहे. त्या मुलींसमोर ती भूकंपातून वाचलेली बिचारी नाही, कारण बहुधा त्याही त्यातूनच गेल्या आहेत.

तेव्हा थांबू नकोस. तिच्या प्रश्नाचे उत्तर दे, आजच, आणि बोलून दे. टाइप करू नकोस. वावरात जा. तूर सोंगायला आली असेल किंवा गंजी लागली असेल, तिथेच उभी राहा. दुपारी चार वाजता पाठवलेस तर तिथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतील. दिवसपाळी असली तर ती खोलीवर आली असेल. सुरुवात "कशी आहेस" ने करायची नाही. "तू तुरीचा भाव विचारला होता, तो सांगायचा राहिला," इथून सुरू कर, त्या वर्षीचा भाव सांग, किती पोती झाली ते सांग, मग कापूस कसा भिजला आणि बैल कुणाला, कितीला दिले ते सांग, आणि रडू आले तर येऊ दे, निरोप पुसून पुन्हा नव्याने करू नकोस. माफी मागत बसू नकोस. मोठी माफी मागितलीस की तुला समजावण्याचे काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडेल. भूकंप, त्सुनामी, पूर यांतला एक शब्दही त्यात नको. मजुरांच्या गप्पा, वाऱ्यात सळसळणाऱ्या शेंगा, तुझ्या पोराची हाक, जे काही मागे ऐकू येत असेल ते येऊ दे.

उत्तर लगेच आले नाही तर उद्या सकाळी विचारपूस करू नकोस. चार-आठ दिवस जाऊ देऊन दुसरी एखादी गोष्ट सांग: अंगणवाडीतल्या एखाद्या मुलाची, तिच्या आईची, सोल्यांच्या भाजीत यंदा काय बिघडले त्याची. ती कधी स्वतःहून त्या दिवसाविषयी बोलू लागली तर मध्ये न बोलता ऐक, गावी परत ये असे सांगू नकोस, आणि ती थांबली की तूही थांब. मग ती जे विचारेल त्याचे उत्तर दे, ते कितीही किरकोळ असले तरी पूर्ण दे, आणि यंदाच्या तुरीचा भाव निघाला की त्याच दिवशी तिला कळव.

तुझी,
ताई