लाल पेनने अधोरेखित केलेले शब्द

प्रश्न : मी पंचवटीत राहतो आणि एकोणीस वर्षे शालिमार ते नाशिकरोड रिक्षा चालवतो. मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत ७१ टक्के मिळवून उत्तीर्ण झाली. तिला नर्सिंगला जायचे आहे, तर तिने यूपीएससी करावी अशी माझी इच्छा आहे. गरिबीतून अधिकारी झालेल्या मुलांच्या बातम्यांची कात्रणे मी तिच्या टेबलासमोर लावली आहेत, त्यांचा फोटो सोबत जोडला आहे. त्यांच्यापेक्षा आमची परिस्थिती बरी आहे, मग हिला का जमू नये? पुण्याच्या क्लाससाठी सोने गहाण ठेवायची तयारी आहे. हल्ली ती अभ्यासात इतकी गढलेली असते की मी झोपल्यावरच जेवते. तिचे मन कसे वळवावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो जेवणाच्या वाक्यापाशी. जी परीक्षा आपल्याला द्यायची नाही असे मुलगी सांगते, त्याच परीक्षेच्या अभ्यासात ती तहानभूक विसरेल, हे मला पटत नाही. वडील झोपल्यावर पानावर बसणारी मुलगी बहुधा त्यांच्यासमोर यायचे टाळत असते. तिच्या ७१ टक्क्यांची मला चिंता नाही, याची आहे.

फोटोत मी अकरा कात्रणे मोजली. प्रत्येक मथळ्यातला एक शब्द तुम्ही लाल पेनने अधोरेखित केला आहे : रिक्षाचालक, हमाल, चहाविक्रेता, धुणीभांडी. मुलांची नावे खाली बारीक अक्षरांत आहेत, मोठ्या अक्षरांत आहे तो आईवडिलांचा धंदा. उन्हापावसात एकोणीस वर्षे रिक्षा चालवणाऱ्या माणसाला आपल्या कष्टांची कुठेतरी नोंद व्हावी असे वाटले, तर त्यात गैर काही नाही आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. मात्र ती नोंद करवून घेण्याचे ओझे तुम्ही अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवले आहे आणि ते चूक आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शिवाय हे मथळे रिक्षा चालवण्याकडे कसे पाहतात, तेही एकदा वाचून बघा. त्यांच्या लेखी ती 'प्रतिकूल परिस्थिती' आहे, जिच्यावर लेकरांनी 'मात' करायची असते. त्याच रिक्षेने तुमच्या मुलीची आजवरची फी भरली आहे.

'त्यांना जमले, मग हिला का नाही' हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. रंकाचा राव झाला की बातमी होते, कारण तसे क्वचितच घडते. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले होते, पूर्वपरीक्षेला सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार बसले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. बाकीच्यांतही रिक्षाचालकांची मुले होती, त्यांनीही रात्री जागवल्या होत्या, त्यांच्या घरीही सोने गहाण पडले असेल, पण त्यांची कात्रणे तुम्हाला कुठे मिळणार? दुसरे असे की, ज्यांचे छापून येते त्यांच्याही गोष्टीचा मधला भाग गाळला जातो. आपल्याच जिल्ह्यातले, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या नौकानयनात उतरले, तेव्हा दुष्काळी गावात विहिरी खोदणारा मुलगा थेट ऑलिम्पिकच्या पाण्यात पोहोचला, अशा थाटात ती कथा सांगितली गेली. प्रत्यक्षात ते २०१२ मध्ये लष्करात भरती झाले होते, नियमित पगार सुरू झाला होता, वल्हे त्यांच्या हाती लष्करानेच दिले, आणि बोट, आहार, प्रशिक्षक व रोजचा सराव यांचे पाठबळ तिथूनच मिळाले. त्यांची जिद्द मोठीच आहे. परंतु ती जिद्द कामी आली, त्यामागे त्यांना आवडलेला खेळ आणि तो शिकवणारी भक्कम व्यवस्था होती. तुम्ही मुलीला कात्रणे दिलीत, पण तिने स्वतः निवडलेली वाट, जिच्यासाठी शिकवणारी व्यवस्था तयार आहे, तीच अडवून धरली आहे.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते, प्रवेश सीईटीतून होतो, आणि ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातली ही महाविद्यालये संलग्न असतात ते आपल्या नाशिकमध्येच आहे. यूपीएससीला कोणतीही पदवी चालते आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे उद्या तिला स्वतःला वाटले तर नर्सिंगनंतरही ती परीक्षा देता येईल. सोने घरातच राहू द्या. सीईटी व प्रवेशाच्या तारखा आज तिच्याशेजारी बसून पाहा, आणि कात्रणे ठेवायची की काढायची, हे तिला विचारा. ती काढा म्हणाली, तर तुम्ही स्वतःच्या हाताने काढा.

तुमच्या दोन पानी पत्रात मुलीचे स्वतःचे एकही वाक्य नाही. पुढचे पत्र तिला लिहू द्या आणि पोस्टात टाकण्यापूर्वी ते वाचायला मागू नका.