ओकीचोबीला नक्की कोण जिंकलं? (उत्तर जरा लांबलंय)

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी सेमिनोल युद्धांवर लिहिताय आणि ओकीचोबी सरोवराची लढाई एका पुस्तकात अमेरिकेने जिंकलीय, दुसऱ्यात सेमिनोलांनी, म्हणून अडलायत. अगदी इथेच मीही अडलो होतो. इतिहासकार नाही मी, फ्लोरिडात राहून लागलेला नाद आहे, तेव्हा बेताने घ्या. सेमिनोल म्हणजे फ्लोरिडातले मूळ रहिवासी; अमेरिकेची त्यांच्याशी तीन युद्धं झाली, आणि ही लढाई दुसऱ्यातली, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला एका सरकारी दप्तराने, नाव घेत नाही. मी मागितली २५ डिसेंबर १८३७ च्या मृत-जखमींची यादी, आला अमेरिकी फौजेचं नेतृत्व करणाऱ्या झॅकरी टेलरचा अहवाल. परत अर्ज केला, परत तोच अहवाल, वर शेरा: 'लढाईचा निकाल यात नमूद आहे.' अहो, ज्याने हल्ला चढवला त्यानेच लिहिलेला निकाल! यादी अहवालाला जोडलेली होती, पण 'जोडपत्रं वेगळी मागावी लागतात' हे आधी सांगेल कोण?

टेलर खोटं बोलला असं नाही. शेवटी जागा त्याच्याच ताब्यात आली. पण सेमिनोलांनी झाडीचा उंचवटा धरून समोरचं करवती गवत नेम धरण्यापुरतं कापलं होतं, बंदुका टेकवायला झाडांना खाचा पाडल्या होत्या. त्यावर मिसूरीचे स्वयंसैनिक दलदलीतून थेट समोरून घातले. त्यांचा कर्नल जेंट्री गेला. अमेरिकेचे २६ ठार, ११२ जखमी. सेमिनोलांचे ठार जेमतेम डझनभर, आणि बाकीचे निसटले. टेलरला बढती मिळाली. अहवालात स्वयंसैनिकांवर ठपका आला म्हणून मिसूरीवाले खवळले, ते वेगळंच.

माझं मत विचाराल तर मुडदे मोजून निकाल लावू नका. मोहीम होती सेमिनोलांना फ्लोरिडातून काढण्याची. फेब्रुवारी १८३८ मध्ये फ्लोरिडातला खुद्द अमेरिकी सेनापती जेसपने वॉशिंग्टनला लिहिलं, यांना दक्षिणेत राहू द्यावं. जिंकलेला माणूस असं लिहील? नकार आला, आणि बोलण्यांच्या भरवशावर तळ देऊन बसलेल्या शेकडो जणांना जेसपनेच पकडलं. सेमिनोलांचा म्होरक्या ओसिओलाला तर आदल्या ऑक्टोबरात पांढऱ्या निशाणाखाली धरलं होतं. हे तुमच्या विजयाच्या खात्यात धरायचं का, ते तुम्ही ठरवा. १८३९ मध्ये जनरल मॅकोमने, १८४२ मध्ये वर्थ या दुसऱ्या अमेरिकी अधिकाऱ्याने 'युद्ध संपलं' जाहीर केलं. १८५५ मध्ये पुन्हा पेटलंच.

मात्र 'सेमिनोल अजिंक्य' एवढंच लिहूनही मोकळे होऊ नका. हजारो लोक पश्चिमेला हाकलले गेले. फ्लोरिडात उरले ते थोडे, शरणागतीचा तह न करता.

जाता जाता: अबियाका हा सेमिनोल म्होरक्या अमेरिकी कागदांत 'सॅम जोन्स' नावाने सापडतो, दोन्ही नावांनी शोधा. फ्लोरिडात बिग सायप्रसला सेमिनोलांचं स्वतःचं संग्रहालय आहे, तिथे हिवाळ्यात जा, एरवी डास फोडून काढतात. आणि दप्तराच्या अर्जावर पहिल्याच ओळीत 'सर्व जोडपत्रांसह' असं ठळक लिहा.