बांबूचा बाळंतविडा हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न: आम्ही चिपळूणला राहतो. जुलैत माझं पहिलं बाळंतपण आहे. मी खासगी क्लासमध्ये शिकवते, त्यामुळे नंतरचे चार महिने पगार नाही. यांच्या 48,000 पगारातून 17,000 घराच्या हप्त्याला जातात. बांबू कापडाचा संच (24 लंगोट, झबली, दुपटी, टॉवेल) 27,000 ला मिळतोय. बिनव्याजी नऊ हप्ते, किंवा रोखीने घेतल्यास 10 टक्के सूट. बांबू मऊ असतो, त्यात जंतू वाढत नाहीत असं म्हणतात. घ्यावा का?

उत्तर: ताई, पूर्ण संच नको. मोजके चार-पाच नग घ्या, तेही रोखीने.

बांबूचा मऊपणा खरा आहे. धागा गुळगुळीत, कापड अंगावर छान पडतं, ओल चांगली शोषतं. उकाड्यात घामोळं येणाऱ्या बाळाला ते सुखाचं वाटेल. पण बाजारात ‘बांबू’ म्हणून मिळणारं कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचाच एक प्रकार असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्याचा धागा ओढतात. एवढ्या रसायनांतून गेल्यावर मूळ झाडाचा जंतुनाशक गुण कापडात उरतो, याला आधार नाही. 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने रेयॉनला बांबू म्हणून विकल्याबद्दल कोल्स आणि वॉलमार्ट या दुकानसाखळ्यांवर कारवाई केली, दोघांना मिळून दंड 55 लाख डॉलर. तेव्हा जंतूंच्या नावाखाली जादा पैसे मोजू नका.

आता खरा मुद्दा: तुमचं बाळ जुलैत येतंय, आणि तेही चिपळुणात! नवजात बाळाचे लंगोट दिवसाला आठ-दहा वेळा सहज बदलावे लागतात. बांबूचे थरांचे लंगोट जितकं जास्त शोषतात, तितके वाळायलाही वेळ घेतात. आषाढ-श्रावणात पंख्याखाली दोरीवर टाकलेला जाड लंगोट दुसऱ्या दिवशीही हाताला दमट लागतो. म्हणजे 24 पुरणार नाहीत, आणखी घ्यावे लागतील. साधा सुती त्रिकोणी लंगोट उलगडला की एकपदरी होतो, रात्रीत वाळतो, उकळत्या पाण्यात टाकला तरी बिघडत नाही. व्हिस्कोस ओलं असताना कमजोर होतं, जोराने पिळलं तर लवकर विटतं. संचातले लंगोट मी पहिल्यांदा वगळीन.

दुपट्यांचं म्हणाल तर आईच्या किंवा सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या निघतीलच. शंभर धुण्यांनी झालेला तो मऊपणा दुकानात विकत मिळत नाही.

हप्त्याचं गणित सरळ आहे. महिना 3,000, म्हणजे घराचा हप्ता गेल्यावर उरणाऱ्या 31,000 चा जवळजवळ दहावा भाग, आणि त्यातले चार महिने तुमचा पगार नाही. ‘बिनव्याजी’ म्हणतात, पण रोखीची 2,700 ची सूट तुम्ही सोडताय. ते व्याजच झालं. शिवाय बाळाचं वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट होतं, म्हणजे लहान झबली दिवाळीपर्यंतही टिकायची नाहीत. बारशाला झबली-टोपडी येतात ती वेगळीच.

माझा हिशेब असा: ताणल्या जाणाऱ्या बांबू कापडाचे दोन पूर्ण अंगरखे, दोन मोठी दुपटी, एक टोपीचा टॉवेल. सुट्टे घेतले तर पाच-सहा हजारांत बसतील. सुती लंगोट दोन-तीन डझन, फार तर दीड-दोन हजार. हप्त्याचे वाचलेले महिना 3,000 तुमच्या यजमानांच्या पगारातून आत्तापासूनच वेगळ्या बचत खात्यात टाका. त्या चार महिन्यांत बालरोगतज्ज्ञाची फी, लसी आणि औषधं या पैशांतूनच निघतील.

यजमानांच्या ऑफिसचा गट आरोग्य विमा असेल, तर बाळाचं नाव किती दिवसांत नोंदवायचं हे आजच एचआरला विचारा. मुदत चुकली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागू शकतं. आणि अंगरखे घेताना न वापरलेला नग बदलून मिळतो का हे बिलावर लिहून घ्या, मापाचा अंदाज बाळ आल्याशिवाय येत नाही.