गौरी देशपांडे यांच्या कथा-कादंबऱ्या वाचायला कुठून सुरुवात करावी? आणि त्यांच्या नायिका फक्त उच्चभ्रू बायकांनाच कळतात, हे खरं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अजिबात खरं नाही. हे मला कुणालातरी पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी ऐकवायचं होतं, ते राहून गेलं.

1998 ची भाऊबीज. फलटणचं सासर, माझ्या लग्नाला दीड वर्ष झालेलं. मी एका कचेरीत आवक-जावक बघायचे. पहाटे पाचला उठून दोन डबे करायचे, संध्याकाळी घरी आले की भाकऱ्या. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली वाचत बसायचं. त्या आठवड्यात वाचनालयातून ‘एकेक पान गळावया’ आणलं होतं. त्यातली ‘कारावासातून पत्रे’ दोनदा वाचून झाली होती. पुस्तकाला तेलाचे हात लागू नयेत म्हणून फडताळात पिठाच्या डब्यामागे ठेवलेलं.

वन्सं मराठी शिकवायच्या. पुऱ्यांसाठी पीठ काढताना त्यांच्या हाती ते लागलं. चार माणसांत म्हणाल्या, “महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची लेक. हिला काय कमी? हिच्या बायका परदेशात राहणार, प्रेमं करणार. तुला काय करायचंय गं यातलं?” सगळे हसले. आमचे हेसुद्धा. मी पुऱ्या लाटत राहिले.

सांगायचं पुष्कळ होतं. जिनं रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अरेबियन नाइट्सचे 16 खंड मराठीत आणले, विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवलं, इंग्रजीत कविता लिहिल्या, तिला बसून खाणारी बाई समजू नका, हे एक. दुसरं मला तेव्हा नीट मांडता आलं नसतं. तोवर मी मारझोड करणाऱ्या नवऱ्यांच्या कथा खूप वाचल्या होत्या. वाचून जीव हळहळायचा, पण त्यात मी कुठे नव्हते, कारण आमचे हे चांगले आहेत. माणूस चांगला असला तरी त्याच्याबरोबर राहताना कधीकधी गुदमरायला होतं, एकटीची अशी जागा हवीशी वाटते आणि ती मागताना आपणच अपराधी होतो, हे मला गौरीच्या बायकांनी सांगितलं. ‘तेरुओ’मधली बाई जपानात आहे म्हणून माझ्यापासून लांब राहिली नाही. रात्री अकराला भांडी आवरताना ती माझ्याजवळच असायची.

आणि ती भाषा! सरळ घरातलं बोलणं, मध्येच संस्कृत, मध्येच इंग्रजी. लांबलचक वाक्य, त्याच्या पोटात दुसरं, आणि शेवटी स्वतःलाच हाणलेला टोला. रडतानाही तिची बाई स्वतःकडे नीट बघत असते. नुसती नावं मोठ्याने म्हणून बघा: ‘चंद्रिके ग सारिके ग’, ‘दुस्तर हा घाट’.

पुढे ‘विंचुर्णीचे धडे’ वाचलं. ही बाई आमच्या फलटणजवळच्या विंचुर्णीत घर करून राहिली होती आणि मला पत्ताच नव्हता! एका रविवारी ह्यांच्या गाडीवर बसून गेले. गावाच्या अलीकडे थांबलो. हे म्हणाले, “एवढं आलोय तर भेट की.” मला धीर झाला नाही. काय सांगणार होते मी, पिठाच्या डब्यामागची गोष्ट? अर्ध्या तासाने परत फिरलो. 1 मार्च 2003 ला त्या गेल्या. तो अर्धा तास मला अजून लागतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘एकेक पान गळावया’ (1980) पासूनच सुरू करा. तीन दीर्घकथा आहेत, सावकाश वाचा. मग ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’. त्यानंतर ‘दुस्तर हा घाट आणि थांग’. कथाच आवडत असतील तर ‘आहे हे असं आहे’. ‘विंचुर्णीचे धडे’ कादंबरी नाही, ते कधीही वाचा. ‘उत्खनन’ मात्र शेवटी, आधीचं सगळं अंगी मुरल्यावर.

एक कबूल करायला हवं. सलग वाचलंत तर नायिका एकमेकींच्या बहिणी वाटतील, समजूतदार पुरुषही जरा जास्तच भेटतील. शेतात राबणारी, मजुरीला जाणारी बाई या पुस्तकांच्या मध्यभागी नाही, तिच्यासाठी दुसऱ्या लेखिका वाचायला हव्यात. वन्सं एवढंच बोलल्या असत्या तर मी मान डोलावली असती. पण “तुला काय करायचंय” हे कुणी कुणाला म्हणू नये. वाचणाऱ्या बाईला तर नाहीच.

‘गोफ’ सासू-सुनेचं आहे. तसं नातं मी मराठीत दुसरीकडे वाचलेलं नाही. गेल्या दिवाळीला मी ते वन्संना दिलं. त्या आता निवृत्त आहेत, घरी त्यांचीही सून आहे. वाचलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.