इटलीच्या किनाऱ्यावर पाच दिवस जातोय. गाडी भाड्याने घ्यावी की ट्रेन-बसने फिरावं?

गाडी घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात पिसाला उतरणार, पाच दिवस चिंक्वे तेर्रेच्या, म्हणजे त्या पाच गावांच्या पट्ट्याच्या, बाजूला राहणार, सोबत सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई, आणि "सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून मिस्टर गाडीच घेऊ म्हणतायत". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून लिहायला बसले. मे २०१८मध्ये आमच्या घरात हेच वाक्य शब्दशः बोललं गेलं होतं. फक्त बोलणारे भाऊजी होते, माझे थोरले दीर.

आम्ही पाच जण. मी, नवरा, भाऊजी, जाऊबाई आणि सासूबाई. मी महिनाभर आधीपासून ट्रेन ट्रेन करत होते. भाऊजींचं एकच, "आईला चढउतार झेपणार नाही. आणि वरंधा घाट भर पावसात उतरवलाय मी, इटलीचं काय सांगतेस?" उतरवलाय, खोटं नाही. पण वरंधा उतरल्यावर खाली पार्किंग शोधावं लागत नाही.

तिथली रचना अशी आहे की पाचही गावं कड्याच्या कुशीत, एक सोडून सगळी समुद्राच्या काठाला. रेल्वे खालून, बोगद्या-बोगद्यांतून जाते. मोटारीचा रस्ता वर, डोंगराच्या अंगाने. त्यातल्या वेर्नात्साहून मोंतेरोस्सोला ट्रेनने पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. गाडीने जायचं तर आधी डोंगर चढा, वळसा घाला, पुन्हा उतरा, की गेला अर्धा-पाऊण तास. आणि एवढं करून गाडी गावात जातच नाही. बाहेरच्यांची गाडी वरच अडवतात. तिथे तासावर पैसे मोजून ती लावायची, जागा असली तर, आणि मग पायी उतरायचं.

आम्ही त्यातल्याच रिओमाज्जोरेला पोचलो तेव्हा जागा नव्हती. पाऊण तास वर-खाली केलं. भाड्याची गाडी गिअरची, स्टिअरिंग डावीकडे, आणि दर चढाला भाऊजींचा उजवा हात गिअरसाठी आपोआप दाराकडे नव्हे तर... नाही, उलटं, डावा हात दाराकडे जायचा. नवरा मागे बसून हसायचा, भाऊजी तापायचे. शेवटी जागा मिळाली ती गावाच्या पार डोक्यावर. तिथून तो सरळसोट उतार सासूबाई माझा दंड धरून उतरल्या. समुद्र बघितला, पाच मिनिटं टेकल्या, मग मान वर करून आलेल्या वाटेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग गाडी कशाला आणली रे?"

भाऊजींना हे वाक्य आठवत नाही. बाकी सगळं आठवतं.

दुसऱ्या दिवशी कुणी काही न बोलता गाडी पट्ट्याच्या एका टोकाच्या 'ला स्पेत्सिया' शहरात, पार्किंगमध्ये राहिली. स्टेशनवर दिवसभराचं चिंक्वे तेर्रे कार्ड घेतलं. त्यात ला स्पेत्सिया ते दुसऱ्या टोकाच्या लेव्हांतोपर्यंत त्या दिवशी कितीही वेळा चढा-उतरा, आणि गावांतल्या छोट्या बसही त्यातच येतात. त्या बसचं महत्त्व कोर्निल्याला कळतं. पाचांपैकी हे एकच गाव समुद्रालगत नाही, उंचावर आहे. स्टेशनपासून गावापर्यंत पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या. सासूबाई स्टेशनसमोरच्या बसमध्ये बसून वर गेल्या. जाऊबाईंना फोटो हवे होते म्हणून आम्ही पायऱ्यांनी. धापा टाकत पोचलो तर सासूबाई चौकातल्या बाकावर बसून एका इटालियन आजीबाईंशी मराठीत बोलत होत्या. आजीबाई इटालियनमध्ये उत्तरं देत होत्या. दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

तर गुडघ्यांचा मुद्दा हा असा आहे. तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी खरं तर लिहितेय. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी झेड-टी-एल असतं, म्हणजे परवाना नसलेल्या गाड्यांना बंदी असलेला भाग. वेशीवर ना पोलीस ना आडवा बांबू, फक्त गोल पाटी, कॅमेरा आणि काही ठिकाणी दिव्यांच्या अक्षरांचा फलक. फलकावर 'वार्को आत्तिव्हो' दिसलं की आपल्याला वाटतं, अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे चालू, चला. चूक. चालू असतो तो कॅमेरा. 'नॉन आत्तिव्हो' असेल तेव्हाच आत जायचं. पिसाला परतताना वाटेतल्या एका जुन्या शहरात आमचा मुक्काम होता, आणि हॉटेल नेमकं आत. हॉटेलवाल्याला गाडीचा नंबर आधी कळवला तर बहुतेक ठिकाणी तो नोंदवून घेतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

कॅमेरा जागच्या जागी काही बोलत नाही. आम्ही पुण्याला आलो, गणपती झाले, आणि भाऊजींच्या कार्डातून भाड्याच्या कंपनीने चाळीसेक युरो कापले. हा दंड नव्हे. 'तुमचं नाव-पत्ता आम्ही पोलिसांना कळवला' याचा आकार. तोही दोनदा. खरे दंड पुढच्या उन्हाळ्यात पत्राने आले, दोन, प्रत्येकी शंभर युरोच्या आसपास. परदेशी माणसाला दंडाचं पत्र धाडायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात, त्यामुळे सहा महिने काही आलं नाही म्हणून पेढे वाटू नका.

गाडी स्वस्त पडेल का, हेही तुम्ही विचारलंय. वरचे आकडे तुमच्या हिशेबात घाला आणि तुम्हीच ठरवा.

आता ट्रेनची दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल बाई रेल्वेत नोकरीला आहे. सप्टेंबरात गर्दी असते. सकाळी दहानंतर आपल्या लोकलची आठवण येईल इतकी, फक्त इथे सगळ्यांच्या पाठीवर सॅक. मुलीचा हात सोडू नका, प्लॅटफॉर्म अरुंद आहेत. कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असून दंड. आणि संप! 'शोपेरो' हा एक इटालियन शब्द पाठ करून जा. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ स्थानिक गाड्या सोडाव्या लागतात, तेवढ्यात हलायचं. मी २०२३मध्ये लेकीबरोबर परत गेले तेव्हा एक दिवस असाच गेला. दुपारभर लेव्हांतोच्या वाळूवर बसून राहिलो. कटकट झाली, पण पत्र आलं नाही.

पिसा विमानतळाहून पिसामूव्हर नावाची छोटी गाडी पाच मिनिटांत मुख्य स्टेशनला सोडते, तिथून ला स्पेत्सियाला थेट ट्रेन. मुक्काम ला स्पेत्सियात किंवा लेव्हांतोत करा, गावांमध्ये नको. तिथल्या खोल्या तीन-तीन जिने वर असतात. जवळच्या पोर्तोव्हेनेरे गावाला रेल्वे नाही, पण ला स्पेत्सियाहून बस आहे, आणि समुद्र शांत असेल तर बोट. खडकावरचं सान पिएत्रोचं चर्च चुकवू नका.

हो, एक राहिलं. हे सगळं फक्त या पट्ट्यापुरतं. सार्डिनियाला किंवा पुलियाच्या दक्षिण टोकाला जाणार असतात तर मीच म्हटलं असतं गाडी घ्या, तिथे बसची वाट बघण्यात सुट्टी संपते. घेतलीच तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, हजार रुपये लागतात. गिअरलेस हवी तर आधीच सांगून ठेवा. आणि चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड न्या.

आता त्या दोन दंडांबद्दल. दर गणपतीत भाऊजी पाहुण्यांना सांगतात की, "हिने नकाशा धरला आणि मला दोनशे युरोंना बुडवलं." पहिल्या वेळी "आत्तिव्हो म्हणजे चालू, घ्या आत" हे मी म्हटलं होतं. कबूल. पण हॉटेल सापडेना म्हणून गोल फिरून परत त्याच फलकापाशी आलो तेव्हा मला वर कॅमेरा दिसला होता आणि मी म्हटलं होतं, "भाऊजी, थांबा, इथे काहीतरी भानगड आहे." त्यावर ते म्हणाले, "आता एकदा गेलोच आहोत ना." दोन्ही पत्रांवर वेळ छापलेली आहे, १९:४२ आणि १९:५१. पत्रं माझ्या कपाटात आहेत. पहिलं माझं, दुसरं त्यांचं.