सुकलेल्या फुलावरचा हायकू दर वेळी रडका का होतो?

तुम्ही विचारलंय, सुकलेल्या फुलांवर हायकू (मूळ जपानी, तीन ओळींची छोटी कविता) लिहायला बसलं की ‘सगळं एक दिवस संपतं’ हाच सूर लागतो, मग त्या फुलात सौंदर्य शोधायचं कसं?

माझा पहिला हायकू याच विषयावरचा होता. अजून जपून ठेवलाय. डोक्यात हवा जायला लागली की काढून वाचते:

सुकले फूल
आयुष्यही असेच
क्षणभंगुर

ओळीओळीची अक्षरं मोजा. ५-७-५, चोख. पण यात फूल कुठंय? कसलं फूल, किती सुकलेलं, देठावर आहे की खाली पडलंय, काही पत्ता नाही. खरं तर मी फुलाकडे पाहिलंच नव्हतं. मला आयुष्याबद्दल काहीतरी भारदस्त बोलायचं होतं आणि फूल बिचारं आयतं सापडलं. तुमचंही बहुधा असंच होत असावं. म्हणून सौंदर्य शोधणं तूर्तास राहू द्या. आधी क्रियापद शोधा.

जपानीत फुलागणिक पडण्याचं क्रियापद बदलतं. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, ‘चिरु’, म्हणजे विखुरतो. उमेचा (जर्दाळूच्या जातीतल्या एका जपानी झाडाचा) बहर ‘कोबोरेरु’, म्हणजे सांडतो. कॅमेलियाचं फूल पाकळी पाकळी करून झडत नाही, अख्खंच्या अख्खं खाली येतं, म्हणून ते ‘ओचिरु’, सरळ पडतं. बोतानचं (इंग्रजीत ज्याला पिओनी म्हणतात ते) भलंमोठं फूल ‘कुझुरेरु’, म्हणजे ढासळतं, भिंत ढासळावी तसं. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं निम्मं काम झालं होतं. सुकणं म्हणजे फुलाचं काहीतरी कमी होणं असं मी धरून चालले होते. इथे तर प्रत्येक फूल शेवटपर्यंत स्वतःचं काहीतरी करत होतं!

आणि आपल्याकडे शब्द कमी आहेत का? कोमेजणं, सुकणं, वाळणं, मलूल होणं, विटणं, मिटणं, गळणं, झडणं, ओघळणं. एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. कोमेजलेलं फूल पाणी मिळालं तर एखादे वेळी पुन्हा तरारतं, वाळलेलं नाही. विटतो तो रंग. झेंडू देठावरच वाळतो. पारिजातक ताजा असतानाच गळतो, त्याला ‘सुकला’ म्हणायला आपण नंतर पोचतो. गुलाब मात्र मान टाकतो. फुलदाणीतल्या गुलाबाच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरं आहे. दांड्यातल्या बारीक नळ्यांमध्ये हवा किंवा जिवाणू अडकले की पाणी वर चढत नाही, आणि फुलाच्या लगेच खालचा कोवळा भाग वाकतो. पाकळ्या तोवर धडधाकट असतात. म्हणजे गुलाब सुकण्याच्या आधीच मान टाकतो! एवढं नीट पाहिलं तरी अर्धा हायकू हाती लागतो.

थोडं विज्ञान माहीत असलं तर डोळे आणखी उघडतात, म्हणून सांगते. पाकळी ताठ राहते ती पेशींमधल्या पाण्याच्या दाबामुळे. तो उतरला की ती लोळते, सुरकुतते. लाल जास्वंद उतरताना जांभळट दिसू लागते, कारण फूल म्हातारं होताना पेशीतल्या रसाची आम्लता घटते आणि अँथोसायनिन हे रंगद्रव्य निळ्याकडे झुकतं. पांढऱ्या फुलांच्या कडा तपकिरी होतात, त्याचं कारण कापलेलं सफरचंद काळं पडतं तेच. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ऑर्किडसारख्या बऱ्याच फुलांत परागीभवन झालं की पाकळ्या लवकर कोमेजतात. ज्यांच्याकडे कीटक फिरकत नाही ती फुलं जास्त दिवस टवटवीत राहतात. हे कळल्यावर ‘क्षणभंगुर’ लिहायला माझा हात धजावेना.

जपानी हायकू-कवी बुसोन (१७१६–१७८४) चित्रकारही होता. त्याचा बोतानवरचा एक प्रसिद्ध हायकू आहे. त्यात एवढंच घडतं की फूल झडलंय आणि दोन-तीन पाकळ्या एकमेकींवर पडल्यात. संपलं. दुःख नाही, उपदेश नाही. पण ‘दोन-तीन’ हा आकडा आणि ‘एकमेकींवर’ हा शब्द काढून बघा, काहीच उरत नाही. पुढे शिकी या जपानी कवीने (१८६७–१९०२) चित्रकलेतूनच ‘शासेइ’ हा शब्द हायकूत आणला. समोर आहे ते पाहून रेखाटायचं, असा त्याचा अर्थ. सुकलेल्या फुलासाठी याहून चांगला सल्ला मला तरी माहीत नाही.

आणखी एक. जपानी हायकूत ‘किगो’ म्हणजे ऋतू सुचवणारा शब्द असतो आणि अशा शब्दांचे कोश असतात. त्यात शेवंती शरदाची, पण ‘कारेगिकु’, म्हणजे वाळलेली शेवंती, हिवाळ्याची. वाळलेलं कमळही हिवाळ्याचंच. वाळलेल्या फुलाला त्यांनी स्वतःचा वेगळा ऋतू दिलाय, ताज्या फुलाच्या ऋतूची शेपटी म्हणून मागे ठेवलेलं नाही.

(वाबी-साबी म्हणजे अपुऱ्या, जुन्या गोष्टींतलं सौंदर्य, मोनो नो आवारे म्हणजे सरून जाणाऱ्या गोष्टींबद्दलची हळवी जाणीव; असले जपानी शब्द लिहायला बसताना डोक्यात नकोत. हायकू झाल्यावर खुशाल वाचा. आधी वाचले की मी तरी लगेच तत्त्वज्ञ होते आणि फूल पुन्हा हरवतं.)

आता माझाच एक दुरुस्त केलेला हायकू. जास्वंद गळायच्या आधी पाकळ्या गच्च पिळून मिटून घेते, ओली छत्री मिटावी तशी. पहिला खर्डा असा होता:

गळे जास्वंद
दिवस गुंडाळून
आतल्या आत

‘दिवस गुंडाळून’वर मी दोन दिवस खूश होते. मग खटकायला लागलं. फूल एका दिवसाचं, म्हणून दिवस गुंडाळला. ही चलाखी माझी होती, जास्वंदीची नव्हे. एक शब्द बदलला:

गळे जास्वंद
पाकळ्या गुंडाळून
आतल्या आत

साधा झालाय, थोडा कोरडाही असेल. पण आता ‘आतल्या आत’ हे शब्द काम करायला लागले, कारण त्यांच्याआधी कुणी मोठ्याने बोलत नाही.

दुसरा, फुलदाणीतलं पाणी बदलताना सुचलेला:

नवीन पाणी
गुलाबाची पाकळी
हातात आली

इथे पहिल्या ओळीनंतर थांबा आहे. जपानीत त्यासाठी ‘किरेजी’ हे तोडणारे शब्द असतात, आपण ओळ तोडून भागवतो. पाणी आणायला उशीर झाला, हे मी लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर पुन्हा रडगाणं झालं असतं.

अक्षरांच्या हिशेबात फार अडकू नका. जपानी मात्रा आणि आपलं अक्षर एक नाही. ‘तोक्यो’ (टोकियो शहर) आपल्याला दोन अक्षरं, जपानीत चार मात्रा, कारण दोन्ही स्वर लांबवतात. कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, तेव्हापासून आपल्याकडे तीनपैकी दोन ओळींत यमक साधायची रीत आहे. जमलं तर छान. वर ‘पाकळी’ आणि ‘आली’ अर्धेमुर्धे जुळले, ते आपोआप. ओढूनताणून जुळवायला गेलात तर ‘फुला’ला ‘झुला’ येतो आणि सगळं मुसळ केरात.

करून बघायचंच असेल तर एकच फूल घ्या आणि ते टाकू नका. रोज एका ठरलेल्या वेळी त्याच्याबद्दल एक वाक्य लिहा. त्यात ‘जणू’ नको, ‘जीवन’ नको, ‘उदास’ही नको. पहिले दोन दिवस कंटाळवाणे जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फूल आवाज करायला लागतं. वाळलेल्या पाकळ्यांना बोट लागलं की कुरकुर ऐकू येते. वास बदलतो, कधी चक्क वाईट येतो. तोही लिहा.

मीही एकावर अडले आहे. जुन्या वहीत दाबून ठेवलेलं एक फूल होतं. परवा वही उघडली तर त्याच्याभोवती कागदावर तपकिरी डाग उमटलाय, फुलापेक्षा मोठा. दोन ओळी झाल्यात:

जुन्या वहीत
फुलाभोवती डाग

तिसरी येत नाहीये. ‘फूल नाजूक’ लिहून खोडलं, ‘तुझी आठवण’ तर लिहायच्या आधीच खोडलं. तुम्हाला सुचली तर कळवा.