‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर गेममधलं युद्धकाळातलं उत्पादन इतिहासाला कितपत धरून आहे?

बऱ्यापैकी. नवं मॉडेल लाइनवर घेतलं की कार्यक्षमता घसरते आणि मग हळूहळू चढते, हे गेमनं नेमकं पकडलंय. फोर्डचा मिशिगनमधला विलो रन कारखाना सुरुवातीला इतका रखडला, की लोक त्याला ‘विल इट रन’ म्हणून चिडवायचे. १९४४ मध्ये तिथूनच तासाला एक बी-२४ बॉम्बर विमान बाहेर पडत होतं!

गोची कच्च्या मालात आहे. गेममध्ये पोलाद, रबर साठवताच येत नाही, सगळं रोजचं रोज. हे मला अजिबात पटत नाही. इंधनाचा साठा तरी २०१९ पासून आला. नाहीतर १९४४ चा जर्मनी कळलाच नसता: बॉम्बवर्षावातही जवळपास ४०,००० विमानं बनवली, पण उडवायला पेट्रोल कुठे होतं?